दिलेला लाडू

"आत्या, डबा इथं कशाला उघडता? घरी गेल्यावर निवांत खाऊ," मालविका म्हणाली. पण तोवर केसरबाईंनी झाकणाभोवतीच्या चिकटपट्टीचं टोक नखाने शोधून काढलं होतं.

"घरी गेलीस की तू स्वयंपाकाला लागशील. तुझं निवांत काय असतं ते मला दोन दिवसांत कळलंय," केसरबाई म्हणाल्या. "बस जरा. इथं उठून काही आणायचं नाहीये तुला."

मालविका बसली. बसल्यावर कंबर किती दुखते आहे ते तिला कळलं. म्युझियमला लागून असलेल्या बागेत, खजुराच्या झाडांखाली त्यांनी चादर पसरली होती. जानेवारीतलं मऊ ऊन होतं. समोर खाडीचं निळं पाणी आणि पाण्यापलीकडे काचेच्या उंच इमारतींची रांग. ही रांग तिने आजवर कितीतरी पाहुण्यांच्या डोक्यामागे मोबाइलच्या चौकटीत धरली होती. दोहात आल्यापासून दर हिवाळ्यात कुणी ना कुणी येतच होतं. सासूसासरे नव्हते, म्हणून काका, मामा, मावशा, नवऱ्याचे मित्र, मित्रांचे आईवडील. यंदाच्या हिवाळ्यातली ही तिसरी खेप. दुपारी म्युझियम, मग बोट, संध्याकाळी सूक वाकिफचा जुना बाजार, दुसऱ्या दिवशी द पर्लचं बेट. हा क्रम तिला झोपेतही म्हणता आला असता.

या वेळी मात्र सुरेशची आत्या आली होती. सुरेशची आई तो शाळेत असतानाच गेली. त्याला आणि धाकट्या शालूला या आत्याने वाढवलं, निफाडला बालवाडी चालवता चालवता. आत्याला एकदा विमानात बसवायचं, हे सुरेश लग्न झाल्यापासून म्हणत होता. अखेर शालूला सोबतीला घेऊन आत्या आली, आणि नेमकं त्याच आठवड्यात सुरेशच्या गॅसच्या प्रकल्पावर मोठं काम निघालं. शुक्रवारचीही सुट्टी गेली. तो पहाटे जायचा आणि संध्याकाळी लाल डोळ्यांनी परतायचा.

"मम्मा, आय अ‍ॅम बोअर्ड," आठ वर्षांचा अर्णव चादरीवर आडवा होत म्हणाला.

"काय म्हणतो गं हा?" केसरबाईंनी विचारलं.

"कंटाळा आला म्हणतोय."

"आला तर आला. कंटाळ्याला पण बसायला जागा द्यावी," केसरबाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी झाकण उघडलं.

तुपाचा, सुंठेचा, भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला. डब्यात डिंकाचे लाडू एकावर एक नीट रचलेले होते, मध्ये कागदाच्या घड्या घातलेल्या. केसरबाईंच्या बोटांची पेरं सुजलेली असत. त्या हातांनी हे सगळं भाजून, कुटून, वळलेलं होतं. चार वर्षांची गार्गी दोन्ही हात पुढे करून उभी राहिली.

"थांबा थांबा, कुणी खाऊ नका," शालू म्हणाली. तिने एक लाडू उचलला, पलीकडच्या इमारतींसमोर धरला आणि फोटो काढला. "आत्याचे लाडू, कतारात! टाकते ग्रुपवर."

"तू नाही का खाणार?"

"माझं डाएट चालूये ना गं आत्या. वहिनीला दे. तिला गरज आहे, बघ कशी सुकलीये."

मालविकाने लाडू घेतला आणि एक घास तोडला. कितीतरी दिवसांत तिला कुणी असं बसवून काही खायला दिलं नव्हतं. तिने डोळे मिटले. डिंक कुडुम करून फुटला, मग खारकेची पूड लागली, आणि मग दाताखाली अगदी बारीक, वाळूपेक्षाही बारीक असं काहीतरी कुरकुरलं.

तिने डोळे उघडले. हातातल्या लाडवाकडे पाहिलं. तांबूस गुळात पांढरे-करडे बारीक कण सगळीकडे पसरलेले होते.

खसखस.

तोंडातला घास तिला गिळता येईना आणि थुंकताही येईना. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या ओळखीतल्या एका घरची सासू अनारशांसाठी खसखशीची पुडी घेऊन आली होती आणि विमानतळावरच अडकली होती. इथल्या कायद्यात खसखस म्हणजे अफूच. घरच्यांनी वकील केला, किती दिवस धावपळ केली. ती बाई सुटून आली खरी, पण नंतर कुणाशी बोलेनाशी झाली. तेव्हापासून कुणीही पाहुणे निघाले की मालविका आधी फोन करून सांगायची, खसखस आणू नका. या वेळीही तिने शालूला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

"कसा झालाय?" केसरबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"छान," मालविका म्हणाली आणि घास गिळला. मग तिने गार्गीच्या हातातला अर्धा लाडू काढून घेतला. "आता नको राणी, मग जेवणार नाहीस." गार्गीने भोकाड पसरलं. मालविकाने डबा बंद केला आणि स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीत घातला. "शालूताई, फोटो आत्ता नका टाकू. संध्याकाळी सुरेश आले की सगळ्यांचा मिळून टाकू."

"का गं? चांगला आलाय."

"त्यांना हौस आहे. त्यांच्यासोबत टाका."

शालूने खांदे उडवले. मालविका उठली, पाण्याची बाटली आणायची म्हणून कठड्यापाशी गेली आणि तिने सुरेशला फोन लावला. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"खसखस? किती?" सुरेश ओरडलाच.

"अहो, हळू. लाडवात घातलीये. भरपूर."

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "हे बघ, शालूला अजिबात कळू देऊ नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळपर्यंत नाशिकभर होईल. आणि आत्याला तर नकोच. तिला वाटेल आपण चोरीचा माल आणला. जीव घालवेल ती. घरी गेलीस की सगळं फ्लश कर आणि सांग, मुलांनी खाल्ले."

"एवढे लाडू? दोन दिवसांत?"

"सांग काहीतरी. तू करतेस ना बरोबर मॅनेज. मला मीटिंगला जायचंय."

फोन बंद झाला. खरंच, ती करायची बरोबर मॅनेज. कुणाला तिखट चालत नाही, कुणाला एसी सोसत नाही, कुणाला बोटीत बसून उलटी होते, कुणाला सोन्याचा भाव कमी करून हवा असतो. पाहुणे विमानात बसेपर्यंत सगळ्यांना सगळं छान वाटत राहील याची काळजी तिची असायची. डबा पिशवीतून तिच्या बरगडीला टोचत होता. कचऱ्याचा डबा दहा पावलांवर होता, पण केसरबाई इकडेच बघत होत्या. गाडीत ठेवावा तर गाडी भाड्याची, तिथे ड्रायव्हर. तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

म्युझियमच्या दाराशी बॅगा यंत्रातून जातात. हे तिला चादर झटकताना आठवलं.

"अगंबाई, म्युझियम आज बंदच असणार," ती म्हणाली. "शुक्रवार ना."

"नो मम्मा, इट्स ओपन," अर्णव उठून बसत म्हणाला. "लुक, पीपल आर गोइंग इन."

"ते... ते वेगळे लोक आहेत."

"वेगळे म्हणजे?" शालू म्हणाली. "वहिनी, मी तिकिटाचं पण बघून ठेवलं होतं गं."

"मला जरा बरं वाटत नाहीये, शालूताई. आत खूप चालावं लागतं. तुम्ही उद्या जा सुरेशसोबत."

शालूने तोंड वाकडं केलं. केसरबाईंनी मात्र मालविकाच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाहीये. पण दमलीये पोर. राहू दे म्युझियम. आत जे असेल ते काचेत ठेवलेलं असणार, ते कुठं पळून जातंय? गार्गी, इकडे ये. ते बघ, लाकडाची होडी. तिचं नाक कसं आहे? वर, का खाली?"

"अप," गार्गी म्हणाली.

"अप म्हणजे वर. बरोबर. आणि पाण्यात तिचं दुसरं नाक दिसतंय ते?"

गार्गी वाकून पाहू लागली. तिने खूप विचार केला. "खा... ली," ती म्हणाली.

"वा! आता सांग, खरी होडी कुठली?"

केसरबाई असंच शिकवत. उत्तर सांगायची त्यांना कधी घाई नसे. मूल चुकलं तर त्या पुन्हा तोच प्रश्न जरा सोपा करून विचारत, आणि ते चुकलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसत नसे. बोटीत बसल्यावरही हेच चाललं होतं. आधी हूं की चूं न करणारा अर्णवसुद्धा शेवटी जवळ सरकला आणि म्हणाला, "आत्याआजी, दॅट वन इज माझ्या पप्पांचं ऑफिस... आधीचं." केसरबाईंनी त्या इमारतीकडे इतक्या कौतुकाने पाहिलं, जणू अर्णवनेच ती बांधली होती. मालविका मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. बोट हलली की डब्यातले लाडू एकमेकांवर आपटल्याचा आवाज तिला येत होता. इतर कुणाला तो येत नव्हता.

सूक वाकिफला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि दुकानं नुकती उघडत होती. मसाल्यांची पोती, अत्तराच्या बाटल्या, पिंजऱ्यातले पोपट. शालू एका अत्तराच्या दुकानात शिरली ती शिरलीच. दोन पोलीस पांढऱ्या घोड्यांवर बसून सावकाश गल्लीतून येत होते. गार्गीने मालविकाचा हात सोडला आणि ती धावली. एका पोलिसाने घोडा थांबवला. तरणा पोरगा होता. गार्गीला घोड्याच्या मानेवरून हात फिरवता यावा म्हणून तो किंचित बाजूला झुकला.

"किती गुणी मुलगा आहे," केसरबाई म्हणाल्या. "दिवसभर उन्हात असेल बिचारा. मालविका, काढ गं एक लाडू."

"आत्या, नको."

"एक काढ. कुणाचं तरी लेकरू आहे ते."

"ते ड्युटीवर काही घेत नाहीत."

"घेत नाहीत म्हणून आपण विचारायचंच नाही?" केसरबाईंनी हसत हसत मालविकाच्या पिशवीत हात घातला. डब्याचं झाकण त्यांना हाताने ओळखू येत होतं. मालविकाने पिशवी ओढली. केसरबाईंनीही ओढली, थट्टेने. बघता बघता एक लाडू केसरबाईंच्या तळव्यावर होता आणि तो तळवा घोड्यावरच्या पोलिसापुढे होता.

"घे बाळा. घरचा आहे. देसी घी," केसरबाई त्यांच्या मराठीमिश्रित हिंदीत म्हणाल्या.

पोलिसाने लाडवाकडे पाहिलं. मग केसरबाईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. त्याने उजवा हात छातीवर ठेवला, मान लववली आणि आईचे आभार मानावेत तसं अरबीत म्हणाला, "शुक्रन, मामा. शुक्रन." घोडा पुढे निघाला.

"बघ," केसरबाई खुश होऊन म्हणाल्या. "घेतला नाही, पण बरं वाटलं त्याला. छातीला हात लावला." लाडू त्यांनी परत डब्यात ठेवला. "तो ड्रायव्हर संपत मात्र भिडस्त नाही हो. सकाळी गाडीत बसताना दोन दिले मी वरच्या वरच्या कागदातले, लगेच घेतले त्याने. म्हणाला, आज्जी, आईची याद आली."

मालविका जागच्या जागी उभी राहिली. "संपतला दिलेत?"

"मग? आपल्याला दिवसभर फिरवतोय तो. पट्टी पुन्हा नीट लावून ठेवली होती मी. का गं?"

संपत हा त्यांचा नेहमीचा ड्रायव्हर. पाहुणे आले की ती त्यालाच बोलावायची. लातूरकडचा. बायको-मुलं गावाला, आणि तो बरवा अल बराहात, कामगारांच्या वसाहतीत, एका खोलीत चौघांसोबत राहायचा. तिथे अधूनमधून सामान तपासतात, हे त्यानेच तिला कधीतरी सांगितलं होतं.

"आत्या, तुम्ही मुलांना घेऊन शालूताईंसोबत सावकाश या. मी गाडीकडे होते पुढे," ती म्हणाली आणि जवळजवळ पळतच निघाली.

संपत गाडीला टेकून चहा पीत होता. तिला एकटीला पाहून त्याने कप खाली ठेवला.

"काय झालं, ताई? लेकरू हरवलं का काय?"

"संपत, आत्यांनी तुम्हाला लाडू दिले होते. सकाळी."

"हाव. लई भारी. एक खाल्ला बी."

"आणि दुसरा?"

"ठेवलाय की. खोलीवर आमचा धनाजी हाय, त्याला तापातून उठल्यापास्नं तोंडाला चवच न्हाई. म्हणलं त्याला द्यावा."

"तो मला परत द्या."

संपत तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, त्याला ऐकू आलं नसावं. "संपत, तो लाडू परत द्या," ती पुन्हा म्हणाली. "त्यात खसखस आहे. खसखस इथं चालत नाही, पकडतात. आत्यांना माहीत नव्हतं. कुणाला सांगू नका, पण तो खोलीवर नेऊ नका."

संपतच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. त्याने गाडीचं दार उघडलं, समोरच्या कप्प्यातून रुमालात बांधलेला लाडू काढला. "आन् मी खाल्लेला?"

"एकाने काही होत नाही. पाणी प्या भरपूर." ते खरं आहे की नाही हे तिलाही माहीत नव्हतं.

"म्हातारीला मातर बोलू नका, ताई," तो म्हणाला. "तिनं मायेनं दिलता." त्याने रुमालाची गाठ सोडली, लाडू तिच्या हातावर ठेवला आणि रुमाल झटकला. एकदा झटकला, मग पुन्हा झटकला.

मालविकाने मागे वळून पाहिलं. केसरबाई गार्गीचं बोट धरून चार हातांवर उभ्या होत्या. त्यांच्यामागे हातात पिशव्या घेतलेली शालू. बोलणं त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मालविकाच्या हातातला लाडू मात्र दिसत होता.

"हे काय गं?" केसरबाई म्हणाल्या.

मालविकाने मूठ मिटली. तिने लाडू पिशवीत टाकला.

"दिलेलं परत मागितलंस?"

"आत्या, घरी गेल्यावर बोलू."

"वहिनी, काय हे?" शालू म्हणाली. "एका लाडवाचा एवढा हिशोब? बिचाऱ्याच्या तोंडातला घास! नाशिकला गेल्यावर मी तुला डबाभर पाठवीन हो."

"आज्जी, तसं न्हाई काय," संपत पुढे होत म्हणाला, "मीच म्हणलं, मला गोड चालत न्हाई..."

"तू गप बस रे बाळा. तू कशाला खोटं बोलतोस," केसरबाई म्हणाल्या. त्या गाडीत बसल्या. बसल्यावर त्यांनी कमरेची पिशवी उघडली, त्यातून राजगिऱ्याची वडी काढली आणि पुढच्या सीटच्या वरून संपतसमोर धरली. "हे घे. हे माझं आहे."

संपतने आरशातून मालविकाकडे पाहिलं. तिने मान हलवल्यावरच त्याने वडी घेतली. केसरबाईंनी तेही पाहिलं.

गाडी घराकडे निघाली. शालू मोबाइलवर काहीतरी लिहीत होती. सिग्नलला गाडी थांबली की मालविकाला वाटे, आता बोलावं, सगळं सांगून टाकावं. पण शालूचा अंगठा पडद्यावर चालूच होता. आणि सुरेशचा आवाज कानात होता. आपल्याला कद्रू समजलं तर समजू दे, हे एवढं काय, तिने स्वतःला सांगितलं. पाहुणे जातील. पाहुणे नेहमीच जातात. पण केसरबाई तिच्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत होत्या, आणि गार्गीने "आत्याआजी, व्हाय आर यू सॅड?" असं विचारल्यावर त्या पहिल्यांदाच तिला म्हणाल्या नाहीत, की मराठीत सांग.

घरी आल्यावर शालू अंघोळीला गेली. मुलं टीव्हीसमोर बसली. मालविका स्वयंपाकघरात गेली, तिने दार लोटलं आणि डबा ओट्यावर ठेवला. बाथरूम रिकामी नव्हती. तिने कढीसाठी दही काढलं. मग कणीक. मग कणकेत पाणी घालायचं सोडून ती तशीच उभी राहिली.

दार उघडलं. केसरबाई आत आल्या. त्यांनी कोपऱ्यातलं मुलांचं प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. बालवाडीतलं मूल रडत आलं की त्या अशाच खाली बसत असणार, त्याच्या उंचीला.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "मी रागवायला आलेली नाही. तू एक लाडू परत मागणारी बाई नाहीस. दोन दिवस बघतेय मी तुला. दुसऱ्यांना वाढून उरलेलं खातेस. काय झालंय?"

मालविकाने सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण कुणीतरी विचारून मग थांबलं आहे, उत्तराची घाई न करता थांबलं आहे, असं तिच्या बाबतीत फार दिवसांत झालं नव्हतं. ती ओट्याला टेकली आणि तिने सगळं सांगितलं. कायदा सांगितला, अडकलेली ती सासू सांगितली, म्युझियमच्या दारातलं यंत्र सांगितलं, संपतची खोली सांगितली. बोलताना तिला रडू आलं, ते तिने कणकेच्या हातानेच पुसलं.

केसरबाईंनी मान वर करून ओट्यावरच्या डब्याकडे पाहिलं.

"शालूनं विचारलं होतं मला," त्या हळू म्हणाल्या. "खसखस घेतली नाहीस ना, म्हणून. मी म्हटलं, नाही. पुडी नव्हतीच ना गं. लाडवात पडली की तो लाडूच झाला. मला वाटलं, लोणच्याचं असतं तसं, सांडतं म्हणून नको म्हणतात." त्या थांबल्या. "त्या पोलिसानं घेतला असता तर?"

"त्याला कदाचित कळलंही नसतं."

"आणि कळलं असतं तर मी इथं नसते. तूही नसतीस." त्यांनी गुडघ्यावर हात दाबले. "आणि त्या संपतच्या खोलीत सापडला असता तर?"

"नोकरी गेली असती. कदाचित जेल."

"मग तू मला दुपारीच का नाही सांगितलंस? बागेत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. हेही म्हणाले, आत्याला सांगू नको."

"माझं वाईट वाटणं मोठं, का त्या पोराची नोकरी?" केसरबाईंचा आवाज चढला नव्हता. "तुला दुपारीच बोलता आलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं, दोन त्याच्याकडे आहेत म्हणून. सगळी दुपार ते त्याच्या गाडीत होते."

मालविकाने ओट्यावर सांडलेली कणीक गोळा केली. केसरबाईंच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

केसरबाई एकदम ताठ बसल्या. "आज वार काय?"

"शुक्रवार."

"सोनम उद्या निघतीये. आमच्या शेजारच्या गुंजाळांची. नवरा दुबईला आहे तिचा, पहिल्यांदाच चाललीये. अगं, निम्मे लाडू तिला दिलेत मी! हाच घाणा. तिच्या बॅगेत मीच नेऊन ठेवले, कपड्यांच्या मधोमध, फुटू नयेत म्हणून." त्या उठल्या. स्टूल मागे कलंडलं. "दुबईला चालते का गं खसखस?"

"नाही. तिथे पण नाही."

"फोन लावून दे."

"आत्या, शालूताई बाहेर आल्यात आता. आत जाऊन बोला ना, बेडरूममध्ये. सगळ्या गावात होईल हो."

"व्हायलाच पाहिजे," केसरबाई म्हणाल्या. "गावातून किती पोरी येतात इकडे."

मालविकाने फोन लावून दिला. केसरबाई हॉलमध्ये गेल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. केस पुसत असलेली शालू थांबली. अर्णवने टीव्हीचा आवाज कमी केला.

"मी केसरबाई बोलतेय. सोनमची आईच ना? नाही नाही, मी बरी आहे. आधी ऐक. सोनमची बॅग उघड. आत्ता. मी दिलेला लाडवाचा डबा काढ. अगं, उरले नाहीत म्हणून नाही मागत! त्यात खसखस आहे. ती तिकडे न्यायला बंदी आहे. पकडलं तर तुरुंगात घालतात... हो. हो, मीच घातलीये. मला माहीत नव्हतं. माझी चूक झाली. मी इथं घेऊन आले, आणि माझ्यामुळे एका गरीब पोराची नोकरी जायची होती. सुनेनं वाचवलं... रडू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. पुन्हा सांगते, नीट ऐक, आणि मग तू मला म्हणून दाखव."

पलीकडून बारीक आवाजात कुणीतरी म्हणून दाखवत होतं. केसरबाई प्रत्येक वाक्याला "बरोबर" म्हणत होत्या. एका ठिकाणी त्या म्हणाल्या, "नाही, तसं नाही, लाडवातली पण चालत नाही. पुन्हा म्हण."

शालूने मालविकाकडे पाहिलं आणि मग नजर खाली केली. तिने टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

मालविका आत आली. तिने गरम पाण्याचा नळ सोडला आणि डबा सिंकमध्ये रिकामा केला. संडासात अन्न टाकायला तिचा हात धजत नव्हता. तिने एक लाडू पाण्याखाली धरला आणि दाबला. तो फुटेना. तूप तिच्या बोटांवरून घरंगळत होतं आणि सुंठेचा वास वाफेबरोबर वर येत होता.

केसरबाई कधी येऊन शेजारी उभ्या राहिल्या ते तिला कळलं नाही. त्यांनी बांगड्या मागे सारल्या, पदर खोचला आणि तिच्या हातातला लाडू घेतला. सुजलेल्या पेरांनी त्या तो पाण्याखाली फिरवत राहिल्या, वळताना फिरवतात तसाच, पण उलटा, आणि तो हळूहळू विरघळू लागला.

"घट्ट झालेत," त्या म्हणाल्या. "यंदा पाकच जरा कडक झाला होता."

आणि त्यांनी दुसरा उचलला.